काका, एच सेव्हनवरच्या उंटाबद्दल थँक्यू

काका, तुम्ही फेसबुकवर नाही, त्यामुळे तुमची नात हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणार, तिला आधीच सांगून ठेवलंय.

बुद्धिबळात एच सेव्हनला, म्हणजे काळ्या राजाशेजारच्या घरावर, उंट मारायला देऊन शह, राजाने खाल्ला की घोडा जी फाइव्ह, मग वजीर एच फाइव्ह, एवढं हल्ली शाळेतली पोरंही यूट्यूब बघून पाठ करतात. लालबागच्या त्या गॅलरीत तुम्ही मात्र उंटाला हातच लावू द्यायचा नाहीत. आधी उत्तरं द्या. समोरच्याचा एफ सिक्सचा घोडा आपल्या ई फाइव्हच्या प्याद्याने हाकललाय का? वजीर एच फाइव्हला आल्यावर त्याचा उंट एफ फाइव्हला किंवा घोडा एफ एटला येऊन एच सेव्हन राखेल का? ई सेव्हनच्या उंटाने आपला घोडा खाल्ला तर एच फोरचं प्यादं तयार आहे का, म्हणजे प्याद्याने परत खाल्लं की फाइल, म्हणजे उभी रांग, उघडून एच वनच्या हत्तीचा थेट शह. आणि सगळ्यात महत्त्वाचं, राजा मागे न जाता जी सिक्सला बाहेर आला तर काय? व्हिडिओवाले इथेच घाई करतात असं माझं मत.

परवा ऑफिसच्या स्पर्धेत अकाउंट्सवाल्याने नेमका जी सिक्सलाच राजा आणला आणि माझ्याकडे बघून हसला, मी शांतपणे वजीर जी फोरला नेला, कारण हे तुमच्यासमोर इतक्यांदा खेळलो होतो की डोकं गरमच झालं नाही.

अजून एक थँक्यू लास्करच्या, म्हणजे पुढे विश्वविजेता झालेल्या त्या खेळाडूच्या, डावासाठी. 1889, अॅमस्टरडॅम, समोर बाउअर, आणि हा विशीतला पोरगा दोन्ही उंट राजासमोर फेकतो. सगळे तिथेच वाहवा करतात. तुम्ही पुढे खेळायला लावलंत, कारण तिथे मात नव्हतीच, बाउअरने वजीर देऊन राजा वाचवला होता. मग वजीर डी सेव्हनला, एकाच वेळी दोन उंटांवर, आणि त्यातला एक गेलाच. ती खेळी लास्करने आधीच बघून ठेवली असणार, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला पहिल्यांदा बलिदानामागचा हिशोब दिसला.

काकूंना म्हणावं रविवारी येतोय, चहा टाका. आणि काका, या वेळी पांढरी माझी.