फिशटँकचे सगळे पाणी एकदम बदलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की ठाणे आणि नवी मुंबईत फिशटँक ठेवणाऱ्यांची एक तक्रार हमखास कानावर येते. टँक घासून धुतला, सगळे पाणी बदलले आणि रात्रीतून ऑस्कर मासा मेला. पालिकेने पाण्यात काहीतरी जास्त घातले असणार! पावसाळ्यात क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते हे खरे आहे, आणि त्याचा बंदोबस्त पुढे दिला आहे. पण ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट, एंजल, मलावी तलावातले रंगीत मासे अशा सिक्लिड कुळातल्या माशांच्या या मृत्यूंचे मूळ बहुधा टँकमध्ये कित्येक महिने साचत आलेले असते. नळाचे पाणी निमित्त ठरते. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते, ठाण्याला मुख्यतः भातसा आणि बारवीकडचे. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पडलेले हे पावसाचे पाणी मुळातच मृदू असते. पिण्याला, डाळ शिजायला ते उत्तम. पण त्यात बायकार्बोनेट कमी असते. चाचणी संचात ज्याला ‘केएच’ म्हणतात ते हेच, आणि पाण्याचा पीएच (आम्लपणा-अल्कलीपणाचे माप) स्थिर ठेवण्याचे काम ते करते. पावसाळ्यात गढूळपणा काढण्यासाठी शुद्धीकरण केंद्रात तुरटी वाढते, त्यात आणखी थोडे बायकार्बोनेट खर्ची पडते.

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो; उरलेले खाद्य कुजले की त्याचाही अमोनियाच होतो. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या कड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य. या कामात पाण्यातले बायकार्बोनेट झपाट्याने संपते : १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे ७ ग्रॅम क्षारता (म्हणजे मुख्यतः हेच बायकार्बोनेट). ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न भरपूर खातात आणि तितकीच घाण करतात. त्यांच्या टँकमध्ये दोन-तीन महिने फक्त उडालेल्या पाण्याची भर घातली, तर केएच शून्यावर येतो आणि पीएच ७.५ वरून ६ पर्यंत घसरतो. पाणी काचेसारखे नितळ दिसत असते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही.

पीएच ६.५ च्या खाली गेला की फिल्टरमधले जिवाणू मंदावतात, ६ च्या आसपास जवळजवळ थांबतात. अमोनिया साचू लागतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात राहतो आणि त्या रूपात फारसा बाधत नाही. मासा थोडा मलूल होतो, इतकेच. २८ अंश तापमानाला एकूण अमोनियातला विषारी भाग पीएच ७ असताना १ टक्क्याहून कमी असतो, पीएच ८ ला ६ ते ७ टक्के आणि ८.५ ला जवळपास १८ टक्के. अशा टँकमध्ये ७.५ पीएचचे नवे पाणी अर्ध्याने भरले की उरलेल्या अमोनियमचे काही मिनिटांत विष होते. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, कल्ले लालभडक होतात, सकाळपर्यंत खेळ संपतो. सगळेच पाणी बदलले तर अमोनिया जातो, पण पीएच आणि क्षार एका झटक्यात बदलल्याचा धक्का माशाला बसतो. त्यातच फिल्टर नळाखाली खळखळून धुतलेला असतो. क्लोरीनने जिवाणू मेलेले असतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमोनिया पुन्हा चढतो.

म्हणून पहिली खरेदी चाचणी संचाची करावी. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांचा संच भरवशाचा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच या पाचही चाचण्या हव्यात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत (२० च्या आत राहिले तर फारच चांगले), केएच निदान ४ अंश. एंजल आणि डिस्कस हे मृदू पाण्यातले मासे असल्याने त्यांना केएच २-३ पुरतो. हे मासे आपल्या नळाच्या पाण्याला मुळातच मानवतात, नवख्यांनी त्यातल्या एंजलपासून सुरुवात करावी असे आम्हाला मनापासून वाटते. डिस्कस मात्र अनुभवानंतरच.

टँकचा पीएच आधीच ६.५ च्या खाली गेलेला आढळला तर घाई करू नये. दोन दिवस खाद्य बंद. रोज फक्त १० टक्के पाणी बदलावे आणि अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली येईपर्यंत सोडा घालू नये. त्यानंतर खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्लही असते) थोडा थोडा सुरू करावा. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये रेती-दगड वजा जाता साधारण १७० लिटर पाणी असते. त्याला रोज एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम सोडा मगभर पाण्यात विरघळवून दिला की केएच दिवसाला एका अंशाने वाढतो. चार-पाच दिवसांत टँक सावरतो.

नेहमीचा क्रम याहून सोपा. दर आठवड्याला २५ टक्के पाणी, म्हणजे वरच्या टँकला १५ लिटरच्या तीन बादल्या. सायफनची नळी रेतीत खुपसून तळाची घाण ओढून घ्यावी. नव्या पाण्याच्या प्रत्येक बादलीत पावणेदोन ते दोन ग्रॅम सोडा, म्हणजे चमच्याचा साधारण तिसरा हिस्सा. मलावीच्या माशांना पीएच ७.७ ते ८.६ लागतो; त्यांच्या बादलीत ३ ग्रॅम सोडा आणि अडीच ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट). फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा किंवा संगमरवराचा चुरा ठेवला तर घसरण मंदावते. पोवळ्याचा चुरा मागू नये. खडकाळ पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काढलेले पाणी नायट्रेटमुळे कुंड्यांना फार मानवते, मात्र मीठ किंवा औषध घातलेले पाणी झाडांना घालू नये.

क्लोरीनसाठी दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १०० ग्रॅम खडे विरघळवून १ लिटर द्रावण करावे. पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर १०० लिटरला ७ मिली द्रावण पुरते. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावे असे भारतीय मानक सांगते. प्रत्यक्षात ते कमीजास्त होते, म्हणून तीन बादल्यांना एरवी ५ मिली आणि पावसाळ्यात १० मिली धरावे. द्रावण बादलीत मिसळावे, टँकमध्ये पाणी ओतल्यावर नव्हे. द्रावण नसेल तर पाणी पिंपात काढून एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तास ठेवावे. पाण्याचे तापमानही हाताने नव्हे, थर्मामीटरने पाहावे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी चांगलेच तापते, जुलैत तेच टँकपेक्षा गार असते. फरक २ अंशांच्या आत हवा.

पाणीपुरवठ्याच्या शटडाऊननंतर पहिल्या दिवशी नळाला कमी दाबाने आणि पुष्कळदा गढूळ पाणी येते. त्या दिवशी पाणी बदलू नये. खाद्य निम्म्यावर आणावे आणि पाणी बदलणे आठवडाभर पुढे ढकलावे, काही बिघडत नाही. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी टाकीत मिसळले गेले तर ते जड असू शकते. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दर वेळी बुडवावा. नेहमीपेक्षा १५० ने फरक दिसला तर १० टक्क्यांवर थांबावे. आरओचे शुद्ध पाणी एकटे वापरणे धोक्याचे, कारण त्यात केएच जवळपास नसतो.

फिल्टरबद्दल दोन गोष्टी. तो तासाला टँकच्या चार ते सहा पट पाणी फिरवणारा असावा, ऑस्कर-फ्लॉवरहॉर्नसाठी आठ पट. आणि स्पंज टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळावा. स्पंज आणि सिरॅमिक एकाच दिवशी धुऊ नयेत. वीज तीन-चार तास गेली तर बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर तो तसाच सुरू केला तर आतले सडके पाणी टँकमध्ये जाते, म्हणून आधीचे पाणी फेकून द्यावे. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे. पाण्यात मुळात ३० अंशांना लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो.

आजारांत घरगुती प्रयोग फार होतात. मासा काळवंडला, पर मिटून बसला, श्वास वाढला तर औषधाआधी पाणी तपासावे. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले तर तापमान हळूहळू ३० अंशांवर नेऊन, लिटरला २ ग्रॅम खडेमीठ देऊन दहा दिवस तसेच ठेवावे. ठिपके गळून पडले की थांबू नये, परजीवीची पुढची पिढी तेव्हा पाण्यात असते. पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा आणि खाणे बंद, किंवा ऑस्कर-फ्लॉवरहॉर्नच्या डोक्यावर खड्डे, ही आतड्यातल्या परजीवींची लक्षणे असू शकतात. त्यावर मेट्रोनिडाझोल चालते, ६० लिटरला ४०० मिलिग्रॅम, वेगळ्या टँकमध्ये, एक दिवसाआड, मध्ये पाणी बदलत, तीन वेळा. माणसांसाठी हे चिठ्ठीवरचे औषध आहे. माशांच्या जाणकार पशुवैद्याला विचारूनच वापरावे. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मुख्य टँकमध्ये फोडण्याचा प्रकार मात्र बंद व्हायला हवा. नेमका आजार कळण्याआधी फिल्टरचे जिवाणू जातात.

आता विनंत्या. सोसायट्यांनी टाकी धुण्याची तारीख आणि ब्लीचिंग पावडर वापरली असल्यास तो उल्लेख सूचना फलकावर लावावा. नंतरचे दोन दिवस माशांना ते पाणी देता येणार नाही. पालिकांनी शटडाऊनच्या निवेदनात पाणी गढूळ येण्याच्या शक्यतेबरोबर वाढीव क्लोरीनचाही उल्लेख करावा. विक्रेत्यांनी बोटाएवढा ऑस्कर विकताना तो फूटभर वाढतो आणि त्याला किमान ४ फुटी टँक लागतो हे सांगावे, आणि नवा टँक नेणाऱ्याला त्याच दिवशी दहा मासे देऊ नयेत. फिल्टर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

मोठा झालेला किंवा मारका मासा मासुंदा, उपवन, कचराळी किंवा वाशी-नेरुळच्या तलावांत सोडू नये. देशात १९५२ मध्ये आणलेला तिलापिया हाही सिक्लिडच, आणि तो आपल्या तळ्यांत कसा पसरला हे सगळे पाहत आहेत. फ्लॉवरहॉर्न त्याहून आक्रमक आहे. मासा ठेवणे शक्य नसेल तर दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठा टँक असलेल्या मत्स्यपालकाकडे सोपवावा; चार फोन केले तर घेणारा मिळतो.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही मत्स्यपालक