आयती फाईल न दिल्याबद्दल आभार

नमस्कार,

तुमची-माझी ओळख निरोपांपुरतीच. तरी हे पत्र जाहीर लिहितोय, कारण राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या फर्मवेअरऐवजी, म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरऐवजी, घालायचं मुक्त फर्मवेअर) चढवायला निघालेल्या आणखी कुणाच्या कामी येईल.

माझ्या राउटरच्या मॉडेलची तयार फर्मवेअर फाईल तुमच्याकडे होती. ती पाठवून तुम्ही मोकळे झाला असता, मीही खूश झालो असतो. पण तुम्ही म्हणालात, "आधी जुन्या फ्लॅशची प्रत काढा, मग बोलू." खरं सांगतो, तेव्हा वाटलं, हे काय नवीन लचांड! मग तुम्ही फ्लॅशच्या, म्हणजे राउटरच्या कायमच्या मेमरीच्या, पार्टिशनांची (भागांची) यादी मागवलीत आणि त्यातल्या ‘फॅक्टरी’ नावाच्या चिमुकल्या पार्टिशनवर बोट ठेवलंत. वायफाय रेडिओचं कॅलिब्रेशन (त्या नगासाठी केलेली जुळणी) आणि मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचे ओळखक्रमांक) तिथे असतात, प्रत्येक नगाचे वेगळे. (काही राउटरांत यालाच ‘एआरटी’ म्हणतात.) फर्मवेअर केव्हाही पुन्हा उतरवता येतं; हे पार्टिशन पुसलं गेलं तर त्याची प्रत कुठल्याच सर्व्हरवर मिळायची नाही. आता ती फाईल मी दोन ठिकाणी जपून ठेवली आहे.

बिल्ड (सोर्स कोडपासून फर्मवेअर तयार करायचं काम) अडकला तेव्हाही तेच. मी लॉगची (बिल्डच्या नोंदींची) शेवटची ओळ पाठवत होतो, आणि तिच्यात काहीच नसतं. तुम्ही ‘मेक’ या बिल्ड चालवणाऱ्या कमांडला ‘जे१’ (एका वेळी एकच काम) आणि ‘व्ही=एस’ (सविस्तर लॉग) लावून एकेक काम चालवायला सांगितलंत, पहिली एरर शोधायला लावलीत. एका पॅकेजचा सोर्स डाउनलोडच झाला नव्हता, बस्स! तेव्हापासून ‘मेक डाउनलोड’ (सगळे सोर्स उतरवून घेणारी कमांड) आधी, बाकी सगळं नंतर.

फ्लॅश झाल्यावर (फर्मवेअर राउटरवर चढवल्यावर) वायफाय दिसलं नाही, तरी धाबं दणाणलं नाही. ते सुरुवातीला मुद्दाम बंद असतं, केबल लावून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राउटरचा पत्ता उघडा आणि सगळ्यात आधी रूटचा (मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड ठेवा, हे तुम्ही आधीच बजावलं होतं.

आणि एसक्यूएम (इंटरनेट लाइनवरची रांग आवरणारी सोय)! वेगमर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवायची, म्हणजे पॅकेटांची (डेटाच्या तुकड्यांची) रांग मॉडेममध्ये न साचता राउटरच्या ताब्यात राहते. मोठी फाईल अपलोड होत असतानाही आता व्हिडिओ कॉल अडखळत नाही. घरच्यांच्या लेखी एवढाच काय तो फरक पडलाय, पण त्याचं श्रेय मात्र मला मिळतंय.

माझ्या निवडींची ‘डिफकॉन्फिग’ (मूळ सेटिंगांपेक्षा वेगळं काय निवडलं त्याची छोटी यादी) काढून ठेवली आहे. पुढच्या आवृत्तीचा बिल्ड तिच्यावरूनच करीन. अडलो तर विचारीन, पण पूर्ण लॉग जोडूनच.

मनापासून आभार.

आपला,
राउटर शाबूत असलेला एक विद्यार्थी