झाकणाच्या डबीतून आलेले फूल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आज सकाळी वेलावरचा भोपळा उतरवला. देठ वाळून बुचासारखा झाला होता, सालीवर नख रुतत नव्हते, आणि तुम्ही बजावून ठेवले होते त्याप्रमाणे चार बोटे देठ राखूनच तो कापला. घरच्या काट्यावर साडेपाच किलो भरला. एरवी ही बातमी मी कुंपणापाशी उभी राहून दोन वाक्यांत सांगितली असती. परंतु आभाराचा विषय निघाला की तुम्ही झारी उचलून चालू लागता, असा आजवरचा अनुभव आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि तेही उघड, कारण गेली दोन वर्षे ज्यांनी मला सल्ले दिले त्यांच्याही नजरेस ते पडावे अशी माझी इच्छा आहे.

त्या दोन वर्षांत भोपळ्याच्या वेलाने माझ्या हातावर अक्षरशः भोपळाच ठेवला होता. पहिल्या वर्षी, बियाणे ज्यांच्याकडून घेतले त्यांनी वाढ होत नसल्याची तक्रार ऐकताच नत्राचे खत दिले आणि पंधरा दिवसांनी आणखी दिले. पाने सुपाएवढी झाली, वेल कुंपण ओलांडून तुमच्या अंगणात उतरला, पण फुले मात्र शोधावी लागत. दुसऱ्या वर्षी लाल भुंगेरे पाने कुरतडू लागले, तेव्हा त्याच गृहस्थांनी एक जालीम कीटकनाशक हाती ठेवले. ते केव्हा फवारायचे हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी ते सकाळी, फुले उमललेली असताना फवारले. त्यानंतर मादी फुले येत राहिली, त्यांच्या बुडाशी गोटीएवढी फळे दिसत राहिली, आणि आठवड्याभरात एकेक करून पिवळी पडून टोकाकडून कुजत गेली. मी विचारायला गेले, तर काउंटरवरून मान वर न करता उत्तर मिळाले, “वेल वांझ निघाला असेल, उपटून टाका.” बागकामातील एका जाणकारांनी माझ्याकडून अकरा छायाचित्रे मागवून घेतली आणि “बुरशी” एवढा एकच शब्द उत्तरादाखल पाठवला. त्यांचा राग मला आजही येतो, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. चूक सगळ्यांकडून होते. परंतु समोरच्या माणसाने चार महिने जोपासलेल्या गोष्टीकडे चार क्षण नीट न पाहता निकाल देणे ही चूक नव्हे, ती बेपर्वाई आहे.

तुम्ही मात्र या वर्षी कुंपणापलीकडून मला एकच प्रश्न विचारलात, “सकाळी फुलांवर मधमाश्या दिसतात का?” मला उत्तर देता आले नाही. मी बागेत उतरत असे दहाच्या सुमारास, आणि तोवर त्या दिवसाची फुले मिटायला लागलेली असत. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत कायमचे मिटते, त्याला दुसरी सकाळ नसते, ही साधी गोष्ट मला तिसऱ्या वर्षी कळली. नर फूल लांब, सडपातळ देठावर उभे असते आणि मादी फुलाच्या बुडाशी जन्मतःच इवलासा भोपळा असतो, हेही तुम्हीच वाकून दाखवलेत. सुरुवातीचे दोन आठवडे नुसती नर फुले आली तेव्हा मी पुन्हा खचले होते. “आधी तेच येतात, घाई करू नका,” असे म्हणून तुम्ही आपल्या कामाला लागलात. त्या सहा शब्दांनी माझा वेल उपटला जाण्यापासून वाचला.

परंतु ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले ती सकाळ वेगळी आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी दोन मादी कळ्यांची टोके पिवळी झाली होती, म्हणजे त्या पहाटे उमलणार हे नक्की होते. आणि माझ्या वेलावर त्याच पहाटे उमलेल अशी नर कळी एकही नव्हती. हे मी तुम्हाला जाता जाता बोलून गेले, तक्रार म्हणूनही नव्हे. रात्री पाऊस सुरू झाला. साडेसहाला दार वाजले. दारात तुम्ही उभे होता; एका हातात छत्री, आणि दुसऱ्या हातात झाकणाची लहानशी स्टीलची डबी, छातीशी धरलेली. डबीत तुमच्या वेलावरची तीन नर फुले होती, अगदी कोरडी. पावसाने पराग वाया जाऊ नयेत म्हणून रात्रीच तुम्ही त्या कळ्यांवर कागदी पिशव्या चढवल्या होत्या, हे मला नंतर समजले.

वेलापाशी गेल्यावर तुम्ही एका फुलाच्या पाकळ्या सोलून काढल्यात. आत पिवळ्या भुकटीने माखलेली बोटभर दांडी उरली. ती तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “तुम्ही लावा. वेल तुमचा आहे.” मादी फुलाच्या मध्यावरच्या चिकट, तीन भागांच्या गाठीवर मी ती दांडी हलकेच फिरवली. बोटांना भुकटी लागली. ती पिठासारखी उडून जात नाही, चिकटून राहते, आणि म्हणूनच वारा हे काम करत नाही, मधमाशी करते, हे मला त्या क्षणी न सांगता कळले. हात थोडा थरथरत होता. मग दोऱ्याने पाकळ्या बांधून फूल मिटवून टाकेपर्यंत सहा-सात मिनिटे गेली असतील. त्या सगळ्या वेळात छत्री माझ्या डोक्यावर नव्हती आणि तुमच्याही नव्हती. ती तुम्ही फुलावर धरली होती. तुमची पाठ पार भिजली होती आणि त्याविषयी तुम्ही चकार शब्द काढला नाही.

काका, ती छत्री माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. माहिती पुस्तकांतही मिळते, आणि जाणकारांची वानवा तर कधीच नव्हती. पण आपल्याला काही मिळणार नसताना, कोणी पाहत नसताना, दुसऱ्याच्या अंगणातील एका दिवसाच्या फुलावर छत्री धरून उभे राहणारा माणूस मी प्रथमच पाहिला. सज्जनपणाला आपण फार मोठाली नावे देतो, त्याग म्हणतो, सेवा म्हणतो. तुम्हाला यातले कोणतेही नाव दिले असते तर तुम्ही ओशाळला असता. तुमच्या दृष्टीने ते फक्त भोपळ्याचे काम होते, आणि काम असेल तर ते नीट करायचे असते.

पुढचे आठ दिवस मी त्या दोन फळांकडे जितक्या वेळा पाहिले तितके कदाचित घड्याळाकडेही पाहिले नसेल. त्यातले एक पाचव्या दिवशी पिवळे पडले. मी रडवेली होऊन तुम्हाला दाखवले, तेव्हा तुम्ही कात्रीने ते खुडलेत आणि सांगितलेत की सगळी फळे धरणे वेलाला परवडत नाही, तो स्वतःच हिशेब करतो. दुसरे मात्र देठातून खाली वाकले, लिंबाएवढे झाले, मग मुठीएवढे, आणि एके दिवशी पानाखालून अचानक नारळाएवढे डोकावले. जमिनीचा ओलावा लागून ते कुजू नये म्हणून खाली ठेवायला फरशीचा तुकडाही तुमच्याच अंगणातून आला. जूनपणाच्या खुणा दिसेपर्यंत पन्नासेक दिवस गेले. तेवढ्या काळात पानांवर पांढरी भुरी आली, एक फांदी मोडली, आणि मी तुम्हाला निदान वीस वेळा तेच तेच प्रश्न विचारले. एकाही वेळी तुमचा स्वर बदलला नाही.

भोपळा सध्या हवेशीर, कोरड्या जागी ठेवला आहे. देठाला धरून उचललेला नाही, याची खात्री बाळगावी. साल आणखी टणक होईपर्यंत दहा-बारा दिवस त्याला हात लावणार नाही. कापला की अर्धा तुमच्याकडे येईल, आणि या बाबतीत तुमचे काही ऐकले जाणार नाही. बी मात्र पुढच्या पेरणीसाठी धरणार नाही. पराग तुमच्या वाणाचे होते. त्याने या फळाच्या गरात फरक पडत नसला तरी त्यातल्या बीतून काय उगवेल ते सांगता येत नाही, हा तुमचाच इशारा आहे. खरे सांगायचे तर दोन-चार बिया तरीही बाजूला काढून ठेवण्याचा मोह मला होणार आहे. निम्मा माझा आणि निम्मा तुमचा असा वेल कुंपणाच्या नेमका कोणत्या बाजूला लावायचा, एवढाच प्रश्न आहे.

तुमची ती स्टीलची डबी अजून माझ्याकडेच आहे. परत करायची विसरले असे म्हणाले तर ते खोटे ठरेल. पुढच्या हंगामात एखाद्या पहाटे तुमच्या वेलावर नर फूल नसेल तर आदल्या संध्याकाळी नुसते जाता जाता बोलून जा. साडेसहाला मी दार वाजवीन.

आपली कृतज्ञ,
कुंपणापलीकडची शेजारीण