पालिका जोडायच्या आधी लोकांना विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्थानिक स्वराज्य संस्था सुधारायच्या म्हटलं की चर्चा फिरून फिरून एकाच जागी येते, छोट्या संस्था एकत्र करा, एक मोठी करा, खर्च वाचेल. ह्यावर जगात इतका रिसर्च झालाय आणि तो आपल्या चर्चेत कुणी आणतच नाही, ह्याचं मनापासून वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

डेन्मार्कने २००७ मध्ये २७१ नगरपालिकांच्या थेट ९८ केल्या. नंतर अभ्यासकांनी आधीचे आणि नंतरचे हिशोब ताडून बघितले तर ऑफिस चालवायचा खर्च कमी झाला हे खरं, पण काही खात्यांत वाचलं ते दुसऱ्या खात्यांत गेलं आणि बहुतेक सेवांच्या खर्चावर आकाराचा काही परिणामच दिसला नाही. आणि मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट, इथलं राजकारण आपल्याला कळतं, आपण त्यात काहीतरी करू शकतो हा लोकांचा विश्वास विलीनीकरणानंतर कमी झाला, हेही अभ्यासातच निघालंय. हा तोटा कुठल्या बजेटमध्ये दाखवणार?

जपानमध्ये १९९९ ला ३,२३२ शहरं-गावं होती ती २०१० पर्यंत १,७२७ वर आली. एकत्र येणाऱ्यांना खास कर्जरोखे काढायची सोय होती आणि त्यांच्या परतफेडीतला ७० टक्के भार केंद्र उचलणार होतं, मग एवढं आमिष असताना गावांनी मनापासून होकार दिला असं कसं म्हणायचं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याचं उदाहरण तर प्रत्येक मंत्र्याने वाचावं असं आहे. २००८ मध्ये तिथे १५७ कौन्सिलच्या ७३ झाल्या, लोक चिडले, आणि २०१३ ला नूसा, डग्लस, लिव्हिंगस्टन आणि मरीबा ह्या चार ठिकाणी मतदान घेतलं तेव्हा वेगळं व्हायचा खर्च आपल्याच माथी येणार हे माहीत असूनही लोकांनी वेगळं व्हायलाच मत दिलं. १ जानेवारी २०१४ पासून ती कौन्सिलं परत सुरू झाली. स्वतःचं कौन्सिल स्वतःजवळ हवं म्हणून माणसं पदरचे पैसे घालायला तयार होतात, ह्याचा अर्थ नीट समजून घ्यायला नको का?

एकत्र करूच नका असं माझं म्हणणं नाही. पाणी, कचरा, बससेवा अशा कामांत शेजारच्या संस्थांनी मिळून काम करणं बरोबरच आहे, त्यासाठी दोघांची सत्ता एक करायची गरज नसते. पण हद्दीच्या नकाशावर जेवढा वेळ जातो त्याच्या निम्मा तरी वेळ पैसा आणि अधिकार ह्या प्रश्नांवर जावा. भारतात ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात शहरी संस्थांसाठी १८ विषय दिले, पण त्यातले किती खाली सोपवायचे हे राज्याच्या मर्जीवर राहिलं. केरळने १९९६ मध्ये राज्याच्या विकास योजनेतला ३५ ते ४० टक्के निधी स्थानिक संस्थांकडे द्यायचं ठरवलं आणि ग्रामसभेत काय मागायचं ह्याला वजन आलं, हद्दी जोडून नाही, पैसे दिल्यामुळे.

म्हणून विनंती आहे की ह्या विषयावर नेत्यांच्या मुलाखतींबरोबर अभ्यासकांनाही जागा द्या, आणि विलीनीकरणाचा प्रस्ताव आला की त्याच्या शेजारी दोन आकडे छापा, आत्ता एका नगरसेवकामागे किती लोक आहेत आणि नंतर किती होतील.

आपला,
एक नियमित वाचक