मंत्रीमहोदय, आमच्या रस्त्याची साइडपट्टी कुठे गेली?

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात एक लहानसा छापखाना चालवतो आणि वीस-बावीस वर्षं सायकलीवरून या जिल्ह्यात हिंडतो. तुमचा वेळ मोलाचा आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी घडलं ते सांगतो.

काही महिन्यांपूर्वी गगनबावड्याच्या बाजूला एका जिल्हा मार्गावर पडलो. त्या रस्त्यावर पावसाळ्याआधी नवं डांबर पडलं होतं. कार्पेट गुळगुळीत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण डांबराचे थर चढत गेल्याने रस्ता वर आला आणि कडेची माती होती तिथेच राहिली. मुरूम टाकून साइडपट्टी भरायची असते, ती भरलेलीच नाही. डांबराच्या कडेला वीतभर उभा कडा तयार झालाय. मागून मालट्रक हॉर्न देत आला, मी कडेला सरलो, पुढचं चाक त्या कड्यावरून खाली गेलं. डावं कॉलरबोन तीन ठिकाणी मोडलं. आता आत पट्टी आणि स्क्रू आहेत. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे वजन उचलायचं नाही. छापखान्यात कागदाचं रीम उचलल्याशिवाय कुठलं काम होतं, ते मला सांगा. दिवाळी अंकांची आणि लग्नपत्रिकांची कामं हातची गेली. रात्री कुशीवर वळता येत नाही, शर्ट घालायला बायकोला उठवावं लागतं. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी मला विचारलं, “ह्या वयात सायकल कशाला चालवालाईसा?” ट्रक कुणाचा होता आणि रस्ता कुणी केला, हे दोन प्रश्न त्यांनी विचारले नाहीत.

हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण वेगळं आहे. तुमच्या खात्याने आम्हाला शब्द दिला होता. एका कार्यक्रमात व्यासपीठावरून जाहीर झालं होतं की कोल्हापूरभोवती ‘पर्यटन सायकल मार्ग’ होणार. नंतर तुमच्याच कचेरीतल्या साहेबांनी आम्हा सायकलवाल्यांना बोलावून घेतलं, चहा पाजला आणि मार्ग आखून द्यायला सांगितलं. आम्ही आठवडे घालवून नकाशा केला. एक पैसा घेतला नाही, कारण हे काम आमच्या जिवाभावाचं होतं.

त्या नकाशात काय होतं ते तुम्ही पाहिलं नसेल, म्हणून लिहितो. शिवाजी पुलावरून निघालं की केर्लीला दोन वाटा होतात, एक जोतिबाच्या डोंगरावर आणि एक वाघबिळातून पन्हाळ्याला. जेमतेम वीस किलोमीटर, पण शेवटची चढण छाती भरून आणते. सप्टेंबरात मसाई पठारावर फुलं असतात, आणि तिथून पुढे विशाळगडाकडे जाणारी ती वाट आहे, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून महाराज ज्या वाटेने गेले ती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे. दुसरा मार्ग राधानगरीचा. हळदी, परिते करत भोगावतीच्या काठाकाठाने जायचं, दोन्ही बाजूंना ऊस, हिवाळ्यात गुऱ्हाळांचा वास येत राहतो. पुढे शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, त्याचे सात दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, आणि त्याच्या पलीकडे दाजीपूरचं गव्यांचं जंगल. तिसरा मार्ग बालिंगा, कळे करत गगनबावड्याला. तिथे कड्यावर उभं राहिलं की एकीकडे करूळ आणि दुसरीकडे भुईबावडा, दोन्ही घाट कोकणात उतरताना दिसतात. चौथा पूर्वेचा, सपाट, लहान मुलांनाही झेपेल असा. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम, तिथली बासुंदी, मग कुरुंदवाड आणि शेवटी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. अठ्ठेचाळीस खांबांच्या त्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही, वर गोल आभाळ दिसतं.

असा जिल्हा आहे आमचा. चारही दिशांना, एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर गड, जंगल, घाट आणि संगम. यासाठी नवा रस्ता नको, भूसंपादन नको, झाड तोडायला नको. गावांना जोडणारे जुने रस्ते आहेतच, बऱ्याच ठिकाणी अजून वडाची सावलीही आहे. आम्ही मागितलं होतं फार थोडं. साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणा. रंबलर, म्हणजे वेग कमी करायच्या आडव्या पट्ट्या, मारताना कडेला दोन फूट जागा मोकळी सोडा. आडव्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मारल्या की सायकलवाल्याला रस्त्याच्या मधे यावं लागतं. मोऱ्यांचे तुटलेले कठडे बांधा. अवघड चढणीवर पिण्याच्या पाण्याची सोय करा. एवढंच.

झालं काय? त्या नकाशाचा फ्लेक्स झाला, त्यावर फोटो लागले. एका रस्त्यावर सायकलीचं चित्र असलेला निळा फलक उभा राहिला आणि त्याच्या पायाशी ठेकेदाराने खडीचा ढीग ओतला. ढीग आजही तिथेच आहे. साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना नकाशा माहीत नाही.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. ज्या रस्त्यावर मी पडलो, त्याच्या मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं जिच्यात लिहितात त्या एम.बी.ची, प्रत मागितली. साइडपट्टीचं काम अंदाजपत्रकात होतं का, असेल तर त्याची मापं एम.बी.त चढली का, बिल निघालं का, एवढं मला बघायचं होतं. तीस दिवस झाल्यावर उत्तर आलं की माहिती संकलित करण्याचं काम सुरू आहे. बिल काढताना हीच पुस्तिका एका दिवसात सापडते, साहेब. नागरिकाने मागितली की ती कुठे जाते?

माझा हिशेब ऐका. एक किलोमीटर रस्ता, दोन्ही बाजूंना मीटरभर रुंद आणि वीतभर खोल भराव, म्हणजे साधारण एकशे साठ ब्रास मुरूम (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). वाहतूक आणि रोलर धरून मी विचारलं, तर कुणी दीड लाख सांगितले, कुणी अडीच. आकडा थोडा इकडेतिकडे असेल. माझ्या खांद्याच्या ऑपरेशनला खर्च आला तोही याच घरातला. एका माणसाचं एक हाड बसवायला लागलं तेवढ्यात तुमचा किलोमीटरभर रस्ता नीट झाला असता आणि त्यावरून जाणारा कुणीच पडला नसता.

आता गळीत हंगाम. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि ड्रायव्हरच्या कानाशी स्पीकर. पहाटेच्या धुक्यात अशी ट्रॉली रस्त्यात उभी असली तर दिसतच नाही. दर हंगामात मोटारसायकलवाले त्यावर आदळून मरतात, गावोगावी अशी घरं आहेत. दरवर्षी कारखान्यांच्या गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस उतरवतात तिथे, रिफ्लेक्टर चिकटवण्याचा कार्यक्रम होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. ज्या ट्रॉलीला दिवा नाही तिचा ऊस वजनकाट्यावर घ्यायचा नाही, एवढा एक नियम कडकपणे पाळायला काय अडतं? मला वाटतं ते सांगतो. या जिल्ह्यात कारखाना चालवणारे, निवडणूक लढवणारे आणि तुमच्यासोबत व्यासपीठावर बसणारे बरेचदा तेच ते असतात. स्वतःच्या ट्रॉलीला दंड करायला कुणाचा हात धजत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. ४३७ किलोमीटरचा मार्ग होता, त्यासाठी घाटातले आणि खेड्यातले रस्ते दुरुस्त झाले. मला मनापासून आनंद झाला, आपल्या सह्याद्रीत परदेशी खेळाडू सायकल मारताना बघून ऊर भरून आला. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. सरकारने ठरवलं तर काही महिन्यांत सायकलीला योग्य असे शेकडो किलोमीटर रस्ते होतात. म्हणजे पैसा आणि ज्ञान दोन्ही आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल मार्गांची मानकं १९६२ सालीच लिहून ठेवली आणि २०१५ मध्ये सुधारली. पाच दिवसांच्या पाहुण्यांसाठी जे होतं ते इथे जन्म काढणाऱ्यांसाठी का होत नाही?

आणि हे माझ्यासारख्या हौशी माणसांपुरतं समजू नका. याच कडेवरून पहाटे दुधाची किटली लावून डेअरीला जाणारा म्हातारा जातो. याच कडेवरून हायस्कुलातल्या मुली दप्तर कॅरिअरला अडकवून जातात. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यात साडेचार हजारांहून जास्त सायकलवर होती. त्यातले रंगीत जर्सी घालून फिरायला निघालेले किती असतील? बहुतेक जण कामाला निघालेले होते, अशी माझी खात्री आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिला की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर सहा लाख आणि जखमी झाला तर पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्या. मी अर्ज घेऊन गेलो. मला तोंडी सांगण्यात आलं की साइडपट्टी म्हणजे खड्डा नव्हे. मग ते काय आहे? मोटार वाहन कायद्यात २०१९ ला १९८-अ हे कलम आलं, रस्ता मानकांप्रमाणे केला नाही म्हणून कुणी मेलं किंवा अपंग झालं तर ठेकेदार आणि खात्याला एक लाखापर्यंत दंड. माझं हाड जुळून येणार आहे, म्हणजे त्या कलमातही मी बसत नाही. नीट उपचार मिळाले म्हणून माझा दावा पडतो, असा हा कायदा लिहिला गेला आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीसहून जास्त वर्षं लढा दिला. आता मला मुंबईची गाडी धरावी लागणार नाही. गरज पडली तर मी तिथे जाईन, आणि त्या रस्त्याची मापं टेप धरून काढलेली माझ्याकडे आहेत, फोटोंसह.

त्याआधी तुम्ही तीन गोष्टी करू शकता. आमचा नकाशा शोधून काढा आणि त्यातल्या एका मार्गाची, हवा तो निवडा, साइडपट्टी या उन्हाळ्यात भरून घ्या. दिव्याविना ट्रॉली काट्यावर न घेण्याचा आदेश हंगाम संपण्याआधी काढा. आणि मोजमाप पुस्तिका मला दाखवा. माहितीच्या अधिकारातलं माझं पहिलं अपील दाखल आहे. सुनावणीला तुमच्या खात्याचा जो अधिकारी येईल, त्याने ती सोबत आणावी.

आपला,
कोल्हापूरचा एक सायकलस्वार