मुहूर्ताआधी घर तपासून घ्यावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अक्षय तृतीया तोंडावर आली आहे. बेळगावातील टिळकवाडी, अनगोळ, वडगाव, हिंदवाडी, हनुमाननगर अशा भागांत नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये त्या दिवशी अनेक कुटुंबे आपल्या सदनिकेची किल्ली हातात घेतील. त्यांना आपल्या दैनिकातून एक विनंती करावीशी वाटते. ताबापत्रावर सही करण्यापूर्वी घर नीट तपासून घ्यावे आणि ती तपासणी होईपर्यंत वास्तुशांतीसाठी भटजींना तारीख देऊ नये. हे सांगण्याचा अधिकार मला माझ्या शहाणपणामुळे नव्हे, तर चुकीमुळे मिळाला आहे.

मी तीस वर्षे उद्यमबागेतील एका फाउंड्रीत माल तपासणीच्या खात्यात नोकरी केली. ओतीव नग टांगून त्यावर हातोडीचा हलका ठोका मारला की निर्दोष नग घंटेसारखा खणखणीत वाजतो आणि तडा गेलेला नग बद्द वाजतो. कानाने ऐकायचे, बोटाने चाचपायचे आणि मगच कागदावर सही करायची, हा त्या खात्याचा नियम होता. तेवढ्या वर्षांत माल न बघता मी एकदाही सही केली नाही. पुढे शहापुरातल्या कौलारू घराची भावाभावांत वाटणी झाली. आलेल्या पैशात निवृत्तीची रक्कम घालून मी सदनिका घेतली, आणि आयुष्यातल्या त्या सर्वांत महाग मालाच्या ताबापत्रावर मात्र उभ्या उभ्या सही करून मोकळा झालो. सकाळचा मुहूर्त होता, खानापूर आणि निपाणीचे पाहुणे वाटेत होते, आणि बिल्डरच्या माणसाने नारळाबरोबर कुंद्याचा डबाही पुढे केला होता. (कुंदा उत्तम होता, हे मान्य केले पाहिजे.) ‘सदनिका सर्व दृष्टींनी तपासली असून ती समाधानकारक आहे’ अशा अर्थाचे जे इंग्रजी वाक्य त्या कागदावर होते, ते मी पहिल्यांदा वाचले ते ऑगस्टमध्ये.

ऑगस्टपर्यंत वाचण्याची वेळ आली नाही, कारण घर मे महिन्यात पाहिलेले होते. मृगाचा पहिला पाऊस निमूट गेला. पुढे आर्द्रात पश्चिमेकडून वाऱ्याबरोबर झड लागली तेव्हा निजायच्या खोलीतील खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांतून ओल उतरू लागली आणि पंधरा दिवसांत भिंतीवरचा रंग पापडासारखा सुटला. अथणी, रायबागकडे पाऊस बेताचाच असल्याने तिकडच्या लोकांना ही तक्रार कदाचित क्षुल्लक वाटेल; परंतु बेळगाव आणि खानापूर भागात घराची खरी परीक्षा पाऊसच घेतो, आणि आपण नेमके घर ताब्यात घेतो ते परीक्षेपूर्वी.

आपले साडेतीन मुहूर्त पाहिले तर हे सहज लक्षात येते. पाडवा आणि अक्षय तृतीया या दोन्ही दिवशी भिंती कोरड्या ठणठणीत असतात. दसरा आणि बलिप्रतिपदा पावसाच्या अखेरीस येतात, तेव्हा एक पावसाळा सोसलेली भिंत स्वतःच आपली हकीकत सांगत असते. म्हणून मुहूर्तच धरायचा असेल तर दसऱ्याची किल्ली पाडव्याच्या किल्लीपेक्षा शंभर पटींनी बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र दिवाळीच्या तोंडावर पुट्टी आणि रंगाचा नवा हात देऊन ओलीचे डाग झाकलेले नाहीत ना, हे तिरप्या उजेडात पाहावे. भिंतीलगत विजेरी धरली की नंतर लावलेले ठिगळ उठून दिसते.

मुहूर्ताच्या घाईचा दुसरा परिणाम गवंडी आणि रंगारी यांच्यावर होतो, त्याचा दोष केवळ बिल्डरच्या माथी मारणे न्यायाचे नाही. एका इमारतीतील दहा-बारा जण एकाच दिवसाची किल्ली मागतात आणि शेवटच्या पंधरवड्यात सर्व कामे एकमेकांच्या अंगावर पडतात. गिलावा पुरता वाळण्यापूर्वी त्यावर पुट्टी चढते, प्लंबर नळ बसवत असतानाच फरशी घासली जाते आणि तिचा गाळ नहाणीच्या जाळीतून खाली उतरून पाइपात घट्ट होतो. आपल्या जुन्या घरांत दर वैशाखात कौले परतून घेण्याची रीत होती. माणूस आढ्यावर चढून एकेक कौल हाताने उचलून पाहत असे, आणि त्यासाठी कोणी पंचांग उघडत नसे.

खरे तर कायद्याने ही घाई आवश्यक नाही. रेरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण ओसी म्हणतो ते, मिळाल्यानंतर दोन महिन्यांच्या आत ग्राहकाने ताबा घ्यायचा असतो. म्हणजे मुळात ओसी मिळाली आहे का, हा पहिला प्रश्न. आणि मिळाली असेल तर तपासणीसाठी सवड आहे, हे त्याचे उत्तर. त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील किंवा सोयींतील दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिल्यास तो त्याने तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो, आणि तसे न झाल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. तेव्हा सही झाली म्हणजे सर्व संपले असे नाही. तथापि राहत्या घरात फरशी उखडून घेणे आणि रिकाम्या घरात उखडून घेणे यांतला फरक ज्याने धूळ खाल्ली आहे त्यालाच कळतो. शिवाय ‘हा दोष तुमच्या वापरामुळे झाला’ असे रिकाम्या घराबद्दल कोणी म्हणू शकत नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने सदनिका घेतली, तेव्हा मी पूर्वीच्या चुकीचे प्रायश्चित्त म्हणून तिच्याबरोबर दोन दिवस गेलो. सोबत मोजपट्टी, खडू, दहा रुपयांचे नाणे, एक गोटी, बादली, तीन पिनांचा टेस्टर आणि दोनशे पानी वही, एवढेच साहित्य होते. साईटवरचा सुपरवायझर आधी नाराज होता. पण ठोका मारून फरशी तपासण्याची माझी रीत पाहिल्यावर तोही वाकून ऐकू लागला. ज्या फरशीखाली माल पूर्ण भरलेला नसतो ती नाण्याने वाजवली की पोकळ आवाज करते आणि जड कपाट किंवा पलंगाचा पाय तिथे आला की कधीतरी तडकते. अशा प्रत्येक फरशीवर आम्ही खडूने फुली मारत गेलो. दिवाणखान्यात दोनच निघाल्या, स्वयंपाकघरात मात्र ओट्यासमोरची जवळजवळ सर्व रांग पोकळ होती.

सर्वांत जास्त वेळ आम्ही पाण्यावर घालवला आणि तो सत्कारणी लागला. न्हाणीघरातील जाळीच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवला, दीड इंच पाणी भरले, पातळीवर पेन्सिलीने खूण केली आणि दार ओढून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहिले तर पाणी खुणेच्या बोटभर खाली गेले होते. एवढे पाणी एका दिवसात वाळत नाही. मग खालच्या मजल्यावरच्या सदनिकेत, तिच्या मालकांना विचारून, छत पाहिले. मैल्याच्या पाइपाभोवती ताटाएवढी ओल उमटली होती. स्लॅबमधून पाइप जिथे खाली जातो त्या भोवतीची फट नीट भरलेली नव्हती, एवढेच कारण होते. दुरुस्तीला आठ दिवस लागले आणि ती झाल्यावर पुन्हा चोवीस तास पाणी साठवून पाहिले, तेव्हा खूण हलली नाही. हीच गोष्ट घरात राहायला गेल्यानंतर उघडकीस आली असती, तर खालच्या शेजाऱ्यांशी संबंध बिघडायला पहिला पावसाळाही लागला नसता.

गॅलरीत बादली ओतली तर पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याकडे आले. न्हाणीघरात गोटी सोडली की ती जाळीच्या दिशेने घरंगळली पाहिजे आणि खोलीत सोडली तर शक्यतो जागीच राहिली पाहिजे. या पोरखेळाने जे कळते ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. खिडक्यांसाठी आम्ही बागेचा रबरी पाइप आणवला आणि बाहेरून पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीवर दहा-पंधरा मिनिटे पाण्याचा मारा केला. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीच्या रुळात साचलेले पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती सिमेंटने बुजली होती. चौकट आणि भिंत यांच्यामधील फट सिलिकॉनने भरण्याऐवजी पुट्टीने लिंपलेली होती, आणि हेच माझ्या घरातील ओलीचे मूळ होते, हे मला तिथे उभे असताना उमगले. खिडकीचा कट्टा बाहेरच्या बाजूस किंचित उतरता हवा, आणि वरच्या छज्जाच्या खालच्या कडेला पाण्याची धार तुटण्यासाठी खाच हवी. ती नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून थेट भिंतीवर येते.

दारांच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो, कारण ती कोणी पाहत नाही. दाराची वरची आणि खालची कड रंगवलेली आहे का, हे मोबाइलचा कॅमेरा तिथे धरून पाहावे. त्या दोन कडा कोऱ्या राहिल्या तर पावसाळी हवेत लाकूड तिथूनच ओल पिते, दार फुगते आणि श्रावणात संडासाचे दार लागेनासे होते. तड्यांचेही तारतम्य बाळगावे. गिलाव्यावरील केसाएवढ्या रेषा बहुधा वाळताना पडलेल्या असतात आणि खांब व विटांची भिंत यांच्या सांध्यातील उभी रेघ दुरुस्त होते. परंतु तुळईत किंवा खांबात तडा दिसला तर आपण तर्क करत न बसता स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे.

विजेच्या बाबतीत मोबाइलचा चार्जर लावून पाहणे पुरेसे नाही. त्याने वीज आहे एवढेच कळते, अर्थिंग आहे की नाही हे कळत नाही. तीन पिनांच्या टेस्टरवरील दिवे ते सांगतात. भाचीच्या घरी गिझरच्याच सॉकेटला अर्थिंग नव्हते. मुख्य पेटीतील आरसीसीबीचे, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, चाचणीचे बटण दाबल्यावर वीज ताबडतोब बंद झाली पाहिजे.

कागदांविषयी थोडेसे. कार्पेट क्षेत्र मोजताना घरातील आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि गॅलरी धरत नाहीत. त्या हिशेबाने खोलीनिहाय मोजमाप करारातील आकड्याशी ताडून पाहावे. करार बहुधा इंग्रजीत आणि महानगरपालिकेचे कागद कन्नडमध्ये असतात. आपल्यापैकी अनेकांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. त्यात कमीपणा मानू नये. माझा नातू मराठी शाळेत कन्नडही शिकतो. त्याला शेजारी बसवून मी खात्याचा, म्हणजे महानगरपालिकेतील मालमत्तेच्या नोंदीचा, उतारा शब्दन् शब्द वाचून घेतला, आणि त्यात माझ्या नावातील एक अक्षर चुकल्याचे त्यानेच दाखवले.

आढळलेले दोष खोलीवार क्रमांक देऊन दोन प्रतींत लिहावेत, छायाचित्रे जोडावीत, एका प्रतीवर बिल्डरच्या कार्यालयाची तारखेसह पोच घ्यावी आणि ताबापत्रावर सहीच्या वर स्वतःच्या हस्ताक्षरात ‘सोबतच्या यादीतील दोष दूर करण्याच्या अटीवर ताबा घेतला’ असे लिहावे. भाचीची यादी चौतीस दोषांची झाली. त्यांपैकी एकतीस दूर झाले, तीन राहिले आहेत आणि त्यांची लेखी तारीख मिळाली आहे. तिची वास्तुशांती पाडव्याऐवजी ज्येष्ठातल्या एका साध्या दिवशी झाली. जेवण उत्तम होते आणि कोणाचे काही अडले नाही.

शहरातील बिल्डर मंडळींनाही सुचवावेसे वाटते की, किल्ली देण्यापूर्वी किमान पंधरा दिवस ग्राहकाला पाणी व वीज चालू असलेले रिकामे घर तपासणीसाठी खुले करून द्यावे. चांगले काम करणाऱ्याचे यात काहीच नुकसान नाही, उलट नंतरच्या वर्षभरातील फोन वाचतील.

माझ्या स्वतःच्या पश्चिमेकडील भिंतीविषयी मी पहिली दोन वर्षे केवळ तोंडी तक्रार करत राहिलो, ही माझी दुसरी चूक. या अक्षय तृतीयेला ताब्याला चार वर्षे पूर्ण होतील, म्हणजे मुदतीचे एकच वर्ष उरेल. गेल्या महिन्यात छायाचित्रांसह लेखी पत्र देऊन पोच घेतली आहे. तीस दिवस भरल्यावर खिडकीची फट तशीच राहिली, तर मृग निघण्यापूर्वी रेरा प्राधिकरणाकडे तक्रार दाखल करणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फाउंड्री कर्मचारी,
अनगोळ, बेळगाव