निळा होता, पिवळा झाला

भाई,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही पावसापाण्याचं काढता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात मी दुकानातून 'मिक्स आफ्रिकन' म्हणून सिक्लिड कुळातल्या माशांची आठ पिल्लं आणली, बोटाच्या पेराएवढी. त्यातली निळ्या पट्ट्यांची दोन 'डेमासोनी' जातीची म्हणून जादा पैसे मोजून घेतली. बाकीच्यांची नावं गुगलवर चित्रं जुळवून मीच वहीत लिहिली. तुम्ही फोंड्याला आलात, वही बाजूला सारलीत आणि टाकीसमोर अर्धा तास नुसते बसलात. चहा निवला.

मग म्हणालात, "बाय, आधी रंग सोड. पट्टे उभे की आडवे ते बघ." पिवळ्या अंगावर आडवे काळे पट्टे, तो ऑराटस. अंग कोरं पिवळं, पाठीच्या परावर तेवढा काळा पट्टा, ते दोन यलो लॅब. आणि माझे डेमासोनी? डेमासोनीचा निळा गडद असतो, उभे पट्टे जवळजवळ काळे. माझे फिकट. "हे केनयी. नर निघाला तर पिवळा होईल." मला हसूच आलं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या या माशांचा उफराटा कारभार मला कुठे ठाऊक! केनयीचा निळा नर पिवळा होतो, ऑराटसचा पिवळा नर काळवंडतो, आणि दोन्हींच्या माद्या लहानपणचाच रंग घेऊन राहतात.

शिगम्यापर्यंत एक केनयी हळदीत बुडवल्यासारखा झाला आणि बाकीच्यांच्या मागे लागला. तुम्ही आधीच बजावलं होतंत, म्हणून दुसरी टाकी तयार होती. आमच्या बावीचं पाणी मऊ नि आंबट, मलावीचं जड. त्यावर फिल्टरमध्ये तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, उकळलेली कवचं घालायची युक्तीही तुमचीच. आई अजून विचारते, मासे खायचे सोडून कवचं कसली जपतेस?

पण खरे आभार त्या तीन करड्या पिल्लांसाठी. "पीकॉक जातीची असतील, संकर असेल, मला सांगता येत नाही," म्हणालात. चाळीस वर्षं मासे पाळणाऱ्या माणसाने! "आणि नाव ठाऊक नसताना कुणाला नावाने देऊ नकोस." परवा एकाने दोन मागितली. करडी म्हणूनच दिली, फुकट.

रविवारी जेवायला या. कळुंदर तळते. तेही सिक्लिडच, हे तुम्हीच सांगितलंत, तरी खाल ना?

देव बरें करूं.

तुमची बाय